गुरुवारी सांगते

"हे मला येत नाही. गुरुवारी सांगते."

असं म्हणून बाई चष्मा काढायच्या आणि वहीवर उलटा ठेवायच्या. म्हणजे त्या गणितावर आजचं बोलणं संपलं. प्रश्न न आल्यावर विद्यार्थ्यावरच ओरडणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. आपल्याला येत नाही हे वार ठरवून सांगणाऱ्या मी पाहिलेल्या या एकट्याच.

बाई सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायच्या. मराठी शाळेत छत्तीस वर्षं दहावीला गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर विणकरांचं, घरची भाषा तेलुगू. शिकवायच्या मराठीतून, पण गुणाकार ओठातल्या ओठात तेलुगूत चालायचा. माझ्या मुलीमुळे सदुसष्टाव्या वर्षी त्यात इंग्रजी पुस्तकाची भर पडली.

मुलगी अकरावीत होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित शाळेतच पूर्ण करायचं आणि जगभर मान्य असलेली परीक्षा द्यायची, हे तिनं इंटरनेटवर वाचून स्वतःच ठरवलं होतं. परदेशात शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा तर या परीक्षेचे गुण तिला हवे होते. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराजवळ चार क्लास होते. चारही ठिकाणी उत्तर एकच मिळालं, एका मुलीसाठी वेगळा अभ्यासक्रम परवडत नाही. कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं.

बाईंनी पुस्तक चाळलं. "यातलं निम्मं मी बीएस्सीला शिकले. निम्मं मलाही नवीन हाय. चालेल का?"

मुलगी म्हणाली, "चालेल."

"मग संपादक, तुम्ही उठा. आमचं काम सुरू झालं."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे, असं मी सांगून पाहिलं. "उप लावत बसायला वेळ कुठाय?" म्हणाल्या. शेवटपर्यंत मी संपादकच राहिलो.

पद्धत ठरलेली होती. खिडकीपाशी हाताच्या खुर्चीत बाई, समोर लोखंडी कॉटवर मुलगी. आठवड्यातून तीन संध्याकाळी. अडलेल्या गणिताचं उत्तर पुस्तकात मागं किंवा फोनवर बघायला दोघींनाही बंदी. "बघून सांगायचं तर मी कशाला पाहिजे?" आणि गुरुवारी बाई खरोखरच सांगायच्या. आदल्या दिवसांत किती पानं खरडली ते कॉटखालच्या गठ्ठ्यावरून कळायचं. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी, एका परक्या मुलीसाठी. बातमीत मी विशेषणं कापतो. इथं कापायला विशेषणच सुचत नव्हतं.

परीक्षेला दोन महिने असताना एक प्रश्न अडला. एक, त्यात एकाचा अर्धा, मग तिसरा भाग, मग चौथा, असं मिळवत गेलं तर बेरीज कुठं थांबते का? कारण द्या. थांबत नाही, हे बाईंना माहीत होतं. कारण सापडत नव्हतं. एक गुरुवार गेला, दुसरा गेला.

त्यानंतरच्या रविवारी मुलीला ते सुटलं. जेवताना तिनं मला विचारलं, "बाईंना कसं सांगू? त्यांना वाईट वाटेल."

मी म्हणालो, "गप्प बस. त्यांना सापडू दे."

तिसऱ्या गुरुवारी तिला घ्यायला गेलो, तर बाई डोळे चोळत बसलेल्या. पोरीची परीक्षा जवळ आली आणि मी इथंच अडकलेय, म्हणाल्या. मला राहवलं नाही. "तिला सुटलंय ते, बाई."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. "कधी?"

"मागच्या रविवारी."

"आणि गप्प कुणी बसवलं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"वा संपादक! छापायची ती बातमी दाबून ठेवली की." मग मुलीला म्हणाल्या, "आणि तू गं? मान द्यायचा म्हणून मला अडाणी ठेवणार व्हय? ऊठ."

मुलगी उठली. बाईंनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः गुडघा धरत कॉटवर बसल्या आणि कोरं पान काढलं. "शिकव."

"तिसरा आणि चौथा भाग मिळून अर्ध्याहून जास्त होतात."

"का?"

"चौथा भाग दोनदा घेतला तरी अर्धा होतो. तिसरा त्याच्याहून मोठा आहे."

"पुढं?"

"पुढचे चार, पाचव्यापासून आठव्यापर्यंत. तेही मिळून अर्ध्याहून जास्त. त्यापुढचे आठ, तेही. असे अर्धे मिळतच राहतात, बाई."

बाईंचे ओठ तेलुगूत हलले. मग थांबले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "लई सुंदर हाय गं," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत खुर्चीत मुलगी बसली. बाई कॉटवरून फक्त "का?" विचारायच्या.

परीक्षा पुण्यात झाली. मोठे प्रश्न नंतर जाहीर झाले तेव्हा बाईंनी ते छापून मागवले, दाराला आतून कडी लावली आणि गजराचं घड्याळ लावून स्वतः सोडवले. एका प्रश्नात स्वतःचा गुण कापला. शेरा लिहिला, कारण अपुरं.

मुलीला पाचपैकी पाच मिळाले, त्या परीक्षेतले सर्वांत वरचे गुण. फोनवर बाईंनी एकच विचारलं, "कारणं पुरी लिहिलीस ना?"

पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून मुलगी परदेशी गेली. थंडीत बाई गेल्या. घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पुतण्यानं एक वही हातात दिली आणि सांगितलं. मुलगी गेल्यावरही बाई पुढच्या वर्गाचं गणित सोडवत होत्या, एकट्याच, कॉटवर बसून. खुर्ची समोर रिकामी. शेवटच्या पानावर एक प्रश्न उतरवलेला, खाली लिहिलेलं, "येत नाही. गुरुवार." बाई मंगळवारी गेल्या होत्या.

मी पानाचा फोटो मुलीला पाठवला. गुरुवारी तिचा निरोप आला.

"बाबा, हे मलाही येत नाही. पुढच्या गुरुवारी सांगते."