प्रसादाचा पारा

पेडगाव मागे पडून बराच वेळ झाला होता, तरी कुसुमबाईंनी बरणी राजेश्रीच्या हाती दिली नव्हती. लोणच्याची लहानशी काचेची बरणी, आत पाणी, पाण्याच्या तळाशी पारा. झाकणावर मेण ओतलेलं, वरून जुन्या लुगड्याचं फडकं गच्च बांधलेलं. बरणी मुठीएवढी, पण वरवंटा उचलावा तशी जड. परभणीकडं जाणाऱ्या काळी-पिवळीवाल्यानं दोनदा गाडी हळू केली, दोन्ही वेळेला कुसुमबाईंनी नको म्हणून हात हलवला.

"लेकरंबाळं बसल्याली असत्यात आत," त्या म्हणाल्या. "फुटली तर?"

राजेश्री त्यांची शेजारीण. दर सोमवारी त्यांच्या घरी भजनाला बसणारी. एकट्या बाईनं एवढी वाट चालू नये म्हणून ती सोबत निघाली होती. खरं तर आणखीही एक कारण होतं. सोमवारच्या अभिषेकाचं तीर्थ तिनंही तळहातावर घेऊन डोळ्यांना लावलं होतं, प्यायलंही होतं. ते ती बोलली नाही.

नवरा गेल्यावर कुसुमबाई परभणीच्या कडेला किशनरावांच्या कारखान्यात लागल्या. दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजतात, ती पाऱ्याची मशीन तिथं बनायची. काचेच्या नळीत पारा भरायचं काम बायकांकडं. पारा म्हणजे महादेवाचा धातू, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. त्या खोलीत पाय ठेवताना बायका चप्पल बाहेर काढायच्या आणि उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायच्या. फरशीवर सांडलेल्या थेंबांवरून अनवाणी पायांनी दिवसभर वावरायच्या. मुकादम पंडितला ते बरंच वाटे, धूळ आत येत नाही म्हणून.

पुढं नियम कडक झाले. एक माणूस शिकवायला आला. सांडलेल्या पाऱ्याला झाडू लावायचा नाही, उघडा हात लावायचा नाही, मोरीत तर थेंबही जाऊ द्यायचा नाही, तो वाफ होऊन श्वासातून अंगात जातो, असं त्यानं बजावलं. हातमोजे आले. पण मोज्यात नळी निसटते म्हणून तपासणीची गाडी फाटकातून बाहेर पडली की मोजे परत कपाटात जायचे. कुसुमबाईंनी ते सगळं कारखान्यापुरतं ऐकलं. घरच्या देवाला असले नियम लागतात, असं कोणाच्याच मनात आलं नाही.

मग पाऱ्याची मशीनच बंद करायची वेळ आली. किशनरावांनी चांगला पारा सीलबंद करून रीतसर पाठवून दिला. उरला तो फरशीच्या सांदीतून, नळाखालच्या टाकीतून खरडून काढलेला मळका पारा. त्याची विल्हेवाट लावायला खर्च मोठा. शेवटच्या दिवशी त्यांनी सत्यनारायण घातला आणि प्रत्येक बाईच्या पदरात नारळाबरोबर एकेक बाटली ठेवली. महादेवाचा प्रसाद म्हणून. बायकांनी डोळ्यांत पाणी आणून ती कपाळाला लावली. मालक असावा तर असा, असं कुसुमबाई गावभर सांगत फिरल्या.

घरी आणून त्यांनी तो पारा मलमलीतून गाळला. चांदीसारखा झाला. देव्हाऱ्यात पितळी वाटीत ठेवायला गेल्या तर पाऱ्यानं वाटीच खाल्ली, म्हणून काचेच्या वाटीत ठेवला. शेजारी अखंड दिवा. दर सोमवारी अभिषेकाच्या पाण्याबरोबर तो पिंडीवर धरायचा आणि खाली घरंगळला की हातानं गोळा करायचा. जो सारवलेल्या जमिनीच्या भेगांत जाई, तो केरसुणीनं कोपऱ्यात लोटायचा. त्याच खोलीत त्यांची नात सोनू झोपायची. लेक गोपाळ आणि सून सविता चाकणला कंपनीत, पोर आजीजवळ.

उन्हाळा संपता संपता सोनूचे तळहात लालभडक झाले, सालं निघू लागली. पोर चिडचिडी झाली, जेवेना, घामानं रात्रभर भिजायची. पेन्सिल धरली की अक्षर थरथरायचं. गावातल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. दृष्ट काढून झाली. महादेवापुढं दुसरा दिवा लागला. शेवटी परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात पारा-बिरा काही आहे का. कुसुमबाईंनी देव्हाऱ्यातल्या वाटीचं सांगितलं.

"बघ राजेश्री, देव न्हाई खोटा," चालता चालता त्या मध्येच म्हणाल्या. "म्याच पोरीच्या उशाला ठिवला."

राजेश्रीनं आधी सुचवलं होतं, देवाची भंगलेली मूर्ती आपण नदीत सोडतो, तसा हाही सोडावा. कारखान्यातल्या केवळाबाईंनी त्यांचा वाटा आपल्या गावच्या विहिरीत सोडलाच होता. ते ऐकल्यापासून कुसुमबाई त्या गावचं पाणी पीत नव्हत्या. ज्याचा माल त्याला परत, एवढंच त्यांनी धरलं होतं.

कारखाना ओळखू येत नव्हता. फाटकाजवळ कडुलिंबाची रोपं, आत बॅटरीवर चालणाऱ्या नव्या मशीन, भिंतीवर चौकटीत कारखाना पारामुक्त असल्याचं प्रमाणपत्र. किशनरावांनी दोघींना खुर्ची दिली, चहा मागवला, पोरीचं ऐकून कपाळाला हात लावला. बरणीकडं मात्र बघेनात.

"बाई, आमच्याकडं थेंबभर पारा न्हाई, असं लिहून दिलंय. आता हा घेतला तर कुठून आला, ते सांगावं लागंल. कारखाना बंद पडंल, चाळीस घरं बसतील."

"मंग कुठं न्यावा मालक?"

"देवाचं हाय. पाण्यात सोडा."

"तुमीच शिकवलं, मोरीत बी टाकायचा न्हाई म्हणून."

किशनरावांनी औषधाला म्हणून नोटा पुढं केल्या. कुसुमबाईंनी त्या घेतल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बरणी पदरात घेतली आणि उठल्या. दारात पंडित उभा होता. त्यानं मान खाली घातली.

बाहेर रस्त्यावर राजेश्रीला रडू फुटलं. प्रदूषणवाल्यांच्या कचेरीत जाऊ, नांदेडला जाऊ, अर्ज देऊ, ती बोलत सुटली. कुसुमबाई ऐकत होत्या की नव्हत्या, कळेना. बाभळीच्या बुडाशी त्या थांबल्या.

"अर्ज दिऊ. पर ही बरणी कुणी घेतली तरी माझ्या घराचं काय? भुईत मुरलाय तो. भेगाभेगांत. म्या लोटलाय केरसुणीनं."

सोनू सकाळपासून राजेश्रीच्याच घरी होती, संध्याकाळी आजी न्यायला येईल म्हणून वाट बघत.

कुसुमबाईंनी बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"माझं एक ऐक, बाई. सोनूला आजपासून तुझ्याकडंच निजू दे. गोपाळला म्या सांगीन. तिची गोधडी, कपडे, दप्तर, काय बी न्यायला माझ्या घरी येऊ नको, तुझंच दे. लय रडंल ती. माझ्या दाराशी येऊन उभी राहील. तवा तिला उचलून माघारी ने, आन् म्या आतून हाक मारली तरी थांबू नको."