पोटातलं लोखंड

तुझी जीभ एक दिवस तुला गोत्यात आणेल, असं माझी आई म्हणायची. आणलं नाही. मी आजही तशीच नोकरी करतेय, महिन्याच्या महिन्याला पगाराची सही करतेय. भोगलं ते दुसऱ्यांनी.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हा भाग दिवाळीच्या सुट्टीआधी येतो. पोरांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठीच त्यांना अर्धी परकी, त्यात हे दोन शब्द! म्हणून मी खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या घेते. एकीत साध्या पाण्यात खिळा, दुसरीत उकळून गार केलेल्या पाण्यात खिळा आणि वर तेलाचा थर. काही दिवसांनी पहिला तांबूस होतो, दुसरा तसाच राहतो. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो, म्हणजेच ऑक्सिडीकरण होतं, हे मग मला सांगावं लागत नाही. पोरंच घरच्या विळ्या-कोयत्यांचं सांगत सुटतात.

एका वर्षी पोशेरा गावाकडची एक मुलगी उभी राहिली. मन लावून ऐकणारी, माझ्याशी जपून पुस्तकी मराठी बोलणारी. म्हणाली, "बाई, सोमवारी आपल्याला लोखंडाची गोळी देतात. ती पोटात गंजते का?"

मुलींच्या अंगात रक्त कमी, म्हणून दर सोमवारी जेवणानंतर ती गोळी असते. तास संपत आला होता, वर्ग खिदळत होता, मलाही चेव आला. म्हटलं, "गंजेल की! पाणी आहे, हवा आहे, आणखी काय पाहिजे? उड्या मार, आतून खुळखुळ वाजेल!" वर्ग हसून लोळला. तीही हसली, असं मला वाटलं. घंटा झाली आणि खरं उत्तर द्यायचं राहून गेलं.

सुट्टीत घरातलं ऑक्सिडीकरणाचं एक उदाहरण शोधून लिहायला सांगितलं होतं. सुट्टी संपल्यावर वह्यांचा ढीग आला. मी एका बैठकीत सगळ्यांवर लाल पेनाने बरोबरच्या खुणा करून टाकल्या.

मार्गशीर्षात त्या मुलीला न्यायला तिचा काका आला. तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ घरीच झालं, रक्त थांबेना, आणि दवाखान्यात नेता नेता ती वाटेतच गेली. बाळ तेवढं वाचलं.

मुलगी गावी होती तेव्हा तिचा बुडालेला अभ्यास लिहून ठेवावा म्हणून मी तिची वही उघडली. दिवाळीच्या गृहपाठाचं पान समोर आलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'माझी बहीण गरोदर आहे. आशाताई तिला लोखंडाच्या गोळ्या देतात. त्या खाल्ल्यावर तिला शी काळी होते. म्हणजे लोखंड पोटात गंजते. हे ऑक्सिडीकरण आहे. बाळाला गंज लागू नये म्हणून मी तिला गोळ्या बंद करायला सांगितले.'

खाली माझी लाल खूण.

खरं सांगते, पान फाडायला हात गेला होता. कुणाला कळणार होतं? तिलाही कधी कळलं नसतं. गप्प राहिले असते तर त्या पोरीला निदान नुसतं दुःख राहिलं असतं. पण वसतिगृहाच्या खिडकीखालच्या गवतात मला गोळ्या सापडल्या, एकदोन नाही, ओंजळभर. माझा विनोद साऱ्या मुलींनी मनावर घेतला होता.

ती परत आली त्याच आठवड्यात मी वर्गात बोलले. गोळीतलं लोखंड म्हणजे खिळा नव्हे. ते रक्तात जातं, रक्ताला ते लागतंच. जे अंगी लागत नाही ते बाहेर पडतं, म्हणून शी काळी होते, त्यात भिण्यासारखं काही नाही. मी त्या दिवशी थट्टा केली, ती चुकीची होती. हे सगळं मी फळ्याकडे बघत बोलले. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मधल्या सुट्टीत ती एकटीच वर्गात थांबली. "बाई, गोळ्या खाल्ल्या असत्या तर ती वाचली असती?"

"सांगता येत नाही गं," मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि तरी मला ते बोलताना लाज वाटली. "पण चूक माझी आहे. ऐकतेस ना? तुझी नाही, माझी."

ती रडली नाही. मला समजावल्यासारखं हळू आवाजात म्हणाली, "तिनं तुमचं कुठं ऐकलं, बाई? ती तुम्हाला ओळखत पण नव्हती. तिनं माझं ऐकलं."