सहा खेपा, एक उतारू

अर्जदार दामाजी, राहणार खाडीकाठ, वय अंदाजे पन्नास, निरक्षर. व्यवसाय: डोंबिवलीच्या खाडीवर तर (उतारूंची होडी) चालवणे. साधनसामग्री: होडी एक, वल्ही दोन. विनंती: दुसऱ्या होडीचा परवाना. शेरा: उतारूंची वर्दळ पाहून ठरवावे.

वर्दळ वाढली ती डोंबिवलीमुळे. गिरगावात खोली न मिळालेले कारकून इकडे बिऱ्हाडं करू लागले आणि त्यांना रोज सकाळी दूध, भाजी लागू लागली. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत सिंधी येऊन चार वर्षं झाली होती. त्यांना मासळी हवी. हे सगळं पलीकडच्या गावांतून डोक्यावर येई आणि दामाजीच्या एकाच होडीत चढे. पहिल्या खेपेला जागा मिळाली नाही की दूध नासलं, मासळी उतरली. खुद्द दामाजीची बायको आवडाबाई दोनदा भरली पाटी घेऊन घरी परतली होती. तेव्हापासून घरात परवान्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

ठाण्याच्या कचेरीतून त्र्यंबकराव आले, छत्री आणि वही घेऊन. माणूस सरळ. ऐकीव आकडा लिहायचा नाही, होडीत बसून दर खेपेला डोकी मोजायची, असा त्यांचा बाणा. दामाजीने त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली आणि त्यांना पलीकडे आणलं.

काठावर साठेक माणसं ताटकळत होती. एकही चढलं नाही. साहेबाच्या गुडघ्याला मासळीची पाटी टेकवून बसायचं, ही रीत त्या गावांत नव्हती.

"अहो बसा ना," त्र्यंबकराव म्हणाले.

"तुमी व्हा म्होरं, साहेब," धोंडीबा दूधवाल्याने हात जोडले. "आमी मागशी येताव."

अशा सहा खेपा झाल्या. गावाने आपली अब्रू राखली म्हणून दामाजीला भरून आलं होतं. सहाव्या खेपेला आवडाबाई पाटी सावरत होडीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "अवो, पन त्यो मोजतो कोनाला?"

दामाजीने वहीकडे पाहिलं. मग साहेबाकडे. पाहुण्याला उतरा म्हणणं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

महिन्याभराने उत्तर आलं. उतारू: दर खेपेस एक. (सरळ माणूस असल्याने त्र्यंबकरावांनी स्वतःलाही धरलं होतं.) विद्यमान होडी मागणीच्या मानाने प्रशस्त आहे. सबब अर्ज नामंजूर.

उत्तर आलं त्या सकाळी पहिल्या खेपेला दामाजीला बसायला जागा नव्हती. त्याने उभ्यानेच वल्हवलं.