दुबईची दहाची नोट वेल्ह्याच्या मेंगाईला

गुंजवण्याला माणसं राजगड चढायला जातात. मी गेलो तो दुसऱ्याचा पगार खिशात घालून, आणि मान वर करून बघण्यापलीकडे गडाशी माझा काही संबंध आला नाही. तेव्हा चढाईची माहिती हवी असेल त्यांनी दुसरा ब्लॉग गाठावा. परदेशी नोकरीला निघालेल्यांनी मात्र जरा थांबावं, पैसे बदलण्याच्या चार गोष्टी सांगतो.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, मोबाईल अजून सगळ्यांच्या खिशात यायचे होते तेव्हाची. मी सलीम, भोरचा. दुबईत एसीचे पत्र्याचे पाइप बसवायचो. पहिल्यांदा निघालो तेव्हा अम्मीनं जमवलेल्या रुपयांची गड्डी पुण्यात काउंटरवर दिली आणि बदल्यात मोजक्या चार नोटा हातात आल्या. बाकीच्या येतील म्हणून मी बावळटासारखा उभाच. तिथं पोचल्यावर महिनाभर चहा प्यालो नाही, कारण एका दिरहमच्या चहाला बारानं गुणलं की तो घशाखाली उतरत नसे. म्हणून निघताना लहान नोटा मागून घ्या, आणि तिकडं उतरलात की गुणाकार बंद करा.

दोन वर्षांनी पहिली सुट्टी मिळाली. तोवर खोलीत गुंजवण्याचा दत्ता राहायला आला होता. खर्च वाचावा म्हणून आमचा स्टोव्ह एकच, भाकऱ्या त्याच्या आणि कालवण माझं. एजंटचे पैसे फिटून त्याचा पहिला पगार हातात पडला तो मी निघायच्या तोंडावर. सगळाच्या सगळा माझ्याकडे दिला आणि म्हणाला, पुण्यात रुपये करून आईला नेऊन दे. धाकट्या बहिणीला, सुनीताला, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

मी बुधवारी मुंबईत उतरलो. विमानतळावर पैसे बदलू नका, भाव पाडून मागतात. पुण्यात चार दारं फिरा. मी फिरलो आणि दिरहममागं दहा पैसे जास्त देणारा गाठला, तेव्हा लढाई जिंकल्यासारखं वाटलं. सुटी नाणी कुणी घेत नाही, फाटक्या नोटेला नाक मुरडतात, पावती मात्र जपून ठेवायची. दत्ताचे सगळे आणि माझेही बदलले. माझ्या पगारातली दहाची एक नोट तेवढी मागे ठेवली, परत जाताना दुबईत उतरल्यावर पाण्याला आणि बसला लागते. स्वारगेटहून भोरची एसटी पकडली आणि घरी पोचलो तेव्हा अम्मीनं बिर्याणी दमाला लावली होती.

गुरुवारी सकाळी निघालो. भोरहून पुण्याची एसटी घ्यायची, कापूरहोळ, कामथडी करत चेलाडी फाट्याला उतरायचं. तिथून वेल्ह्याकडं वडाप जीप सुटतात. आठ जणांच्या जागेत चौदा भरल्याशिवाय ड्रायव्हर चावीला हात लावत नाही, तेव्हा घाई असली तरी आधी मिसळ खाऊन घ्या. फाट्यालगतच्या नसरापूरची मिसळ डोळ्यांतून पाणी काढते आणि मग गोड लागते. लावण्या उरकलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना भाताचं हिरवं, मधून ओढे, मार्गासनीच्या पुढं राजगड ढगात बुडालेला. वाळवंटातून आल्यावर हे बघून मला उगाचच भरून आलं, शेजारच्या आजोबांनी तर विचारलंच, गाडी लागली का म्हणून.

गुंजवण्याला पोचलो तेव्हा दत्ताची आई, हौसामावशी, अंगणातच होती. सुनीतानं गुळाचा चहा दिला. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, पैसे आले की पुण्याला निघायचं. मी खजुराचा डबा दिला आणि मग रुपये पुढं केले, वर दहा पैशांची बढाईही मारली.

मावशीनं हात मागे घेतला. "माज्या लेकाला मिळाल्या त्या नोटा कुटं हायेत?"

मी म्हटलं, त्याच या, बदलून आणल्या.

"ह्या पुण्याच्या दुकानदाराच्या गल्ल्यातल्या. तांदूळ देऊन ज्वारी आनली तर ती आपल्या रानातली व्हती व्हय?"

मग कळलं ते असं. या घरात पहिली कमाई आधी वेल्ह्याच्या मेंगाईदेवीपुढं ठेवतात, तीही जशीच्या तशी. नव्या रानातला पहिला भात, व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, सगळं तिथं जाऊन मगच घरात येतं. तोवर त्या कमाईतल्या एका पैशाला हात लावायचा नाही. दत्ता परत येणार दोन वर्षांनी, आणि फीची मुदत उद्या. पहिला पगार पुण्यातच बदलायला सांगताना दत्ताला हे कसं सुचलं नाही कोण जाणे, पण परदेशात गेल्यावर माणूस अर्धा विसरतोच. सुनीता दाराशी गेली आणि पिशवी उचलून आत ठेवली.

ते बघवेना. खिशात माझी दहाची नोट होती. ही दत्ताचीच म्हटलं असतं तरी कोण विचारणार होतं? नोटेवर काही नाव नसतं. पण मावशी सरळ माझ्याकडं बघत होती आणि मला खोटं बोलता येईना. म्हटलं, मावशी, तिथली एक नोट आहे, पण ती माझ्या पगारातली.

तिनं नोट बघितली. एका बाजूला खंजीर, दुसऱ्या बाजूला झाडं. झाडं तिला आवडली. मग म्हणाली, "तितं दत्तू जेवतो कुटं?"

"माझ्याबरोबर."

"आन चूल?"

"एकच. भाकऱ्या तो करतो, कालवण मी."

मावशी मग पदर खोचत उठली. "येका चुलीवरच्या मान्सांची कमाई येकच आसती. चल, येल्ह्याला जाऊ."

सुनीतानं पिशवी परत बाहेर आणली ती जवळजवळ पळतच. वेल्ह्याला देवळात मावशीनं नोट देवीपुढं ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. पुजाऱ्यानं नोट उलटीपालटी केली आणि ही हितं कुठंच चालायची न्हाई असं समजावून सांगितलं.

मावशी म्हणाली, "देवीला कुटं बाजारला जायाचंय?"

तिथंच पायरीवर तिनं माझ्याकडून रुपये घेऊन सुनीताच्या हातात दिले. दुपारच्या एसटीनं सुनीता पुण्याला आतेकडं मुक्कामी गेली. खिडकीतून हात करत होती, दिसेनाशी होईपर्यंत. शुक्रवारी फी भरल्याचा निरोप आला.

त्या दिवशीचा भाव आज विचारलात तर आठवत नाही. संध्याकाळ मात्र आठवते. घरी अम्मी माझी बॅग उपसून बसली होती, साबण, दूध पावडर, खजूर, दोन ब्लँकेटं. मी सगळी हकिगत सांगितली तसा तिचा हात थांबला.

"एक चूल म्हणाली ती?"

हो म्हटलं. अम्मीनं सामानाचे दोन ढीग करायला घेतले. खजूर मी सकाळीच दिलेत म्हणून सांगितलं, तर म्हणाली, ते पाहुण्यानं दिले, हा तिचा वाटा आहे. आणि दोनातलं जाड ब्लँकेट तिनं मावशीच्या ढिगात ठेवलं, गुंजवण्याला गारठा जास्त असतो म्हणून.