सागाला पानं फुटल्यावर

बालाजीच्या धंद्याबद्दल त्याचे वडील तातेराव यांचं मत ठाम आहे. डोंगरकडा गावातल्या आपल्या केळीच्या बागेत उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमचं पोरगं हवा इकून राहिलं. आन् लोक घेऊन बी राहिले." यातल्या दुसऱ्या वाक्यात थोडं कौतुक असतं. बालाजीला ते अजून ऐकू आलेलं नाही.

वर्णन तसं चूक नाही. मोठ्या कंपनीची इंटरनेटची तार डोंगरकड्यापर्यंत येते आणि तिथं तिचा उत्साह संपतो. पुढं बालाजी. त्यानं गावातल्या लोखंडी मनोऱ्यावर थाळ्या बांधल्या आहेत आणि आसपासच्या वस्त्यांवर, घरांच्या पत्र्यांवर त्यांच्या जोडीच्या थाळ्या. एका थाळीला दुसरी दिसली, की मधल्या रिकाम्या हवेतून लग्नाचे फोटो, हळदीचे भाव आणि पोरांचे अभ्यास मुकाट्यानं निघून जातात. खालून चालणाऱ्या शेळीला पत्ता लागत नाही. अट एवढीच, की दिसलं पाहिजे.

पुनमचंद नाईकांचा तांडा टेकड्यांच्या कुशीत आहे. तिथं मोबाइलला रेंज नाही. फोन करायचा तर कड्यावर चढावं लागतं, आणि तिथंही आवाज येतो तो तुटक. बालाजीनं चैत्रात तांड्यावर थाळी बसवली. मधल्या टेकडीवर सरकारी सागाचं रान होतं, पण सागाच्या तेव्हा नुसत्या काड्या झालेल्या. त्यांतून मनोरा लख्ख दिसला. बालाजीनं नारळ फोडला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला झाडांना पानं फुटतात हे ठाऊक असणारच. पण धंद्यात पडलं की घरचं ज्ञान घरीच राहतं.

त्या थाळीच्या भरवशावर तांड्यावरच्या पारुबाईनं आपली लेक पुण्याजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात धाडली. शितल जन्मापासून बहिरी. मायलेकी हातांनी बोलतात, आणि ती बोली दोघींनी अंगणात बसून घडवलेली. तांड्यात तिसऱ्या कुणाला ती पुरती येत नाही. बिनचित्राचा फोन त्यांच्या कामाचा नव्हता. चित्र येतं हे शेजारच्या घरातून फोन लावून दोनतीनदा पारखून घेतल्यावरच पारुबाईनं लेकीची पिशवी भरली.

आषाढात सागाला सुपाएवढी पानं आली आणि तांड्याचं इंटरनेट गेलं.

बालाजीनं थाळी पाइपावर चढवली. वाऱ्यानं पाइप वाकला. सरकारी झाड तोडता येत नव्हतं. पुनमचंद नाईकांनी कड्यावर जाऊन शितलच्या वसतिगृहातल्या बाईंना फोन लावला आणि खाली येऊन सांगितलं, "बरी हाय म्हणत्यात."

"हे तुमी सांगून राहिले," पारुबाई म्हणाली. "तिनं कुठं सांगितलं?"

मग तिनं बालाजीला गाठलं. "पोळ्यापर्यंत दिसली तर ठीक. न्हाईतर नाईकांना धाडून तिला माघारी आणते. तिकडं तिचे हात कोण वाचून राहिलं?"

"मावशी, चांगलं काम लागलंय तिला."

"व्हय. मग दाखव ना ती काम करताना."

पोळा जवळ आला. आभाळ उघडलं त्या दिवशी बालाजीनं तांड्यावर येऊन सांगितलं, की मी मनोऱ्यावर चढतो, तुमी लाल कपडे बांधून काठ्या उभ्या करा. सागावरून किंवा बाजूनं एक जरी दिसली, तरी थाळी तिथं नेऊ. पारुबाईनं ऐकून घेतलं.

"काठ्या काहून? तू चढ वर. मी दावते."

तिनं पेटीतून आरसे टाचलेली जुनी ओढणी काढली आणि तांड्यामागच्या खडकाकडे चालू लागली. शितल शेरडं घेऊन रानात जायची, तेव्हा तिला हाक मारून उपयोग नसायचा. पारुबाई त्या खडकावरून ओढणी उन्हात झटकायची. हातातला एकच आरसा असता तर नेम धरावा लागला असता. ओढणीतला कुठला ना कुठला आरसा पोरीच्या डोळ्यांपर्यंत पोचायचाच. पोरगी कुठंही असली तरी दिसेल अशी जागा शोधायला तिला तेव्हा बरेच दिवस लागले होते.

मनोऱ्यावर बालाजी पट्टा बांधून उभा होता. खाली हळदीची शेतं, केळीची रानं, मग हिरव्या टेकड्यांच्या रांगा, एकीमागं एक. त्यात काठी न् लाल कपडा कुठं दिसायचा. वारा कानात घुमत होता. तो इकडं बघ, तिकडं बघ करत राहिला. आणि मग दोन टेकड्यांच्या फटीतून, जिकडं त्यानं कधी थाळी वळवायचा विचारही केला नव्हता, तिकडून ठिणगी उडाली. विझली. मग एकदम पाचसहा, पाण्यावर ऊन हलावं तशा. एवढ्या दुरून त्याला माणूस दिसत नव्हतं, खडक दिसत नव्हता. नुसतं कुणीतरी बोलावत असल्याचं दिसत होतं. तो बराच वेळ थाळीचे नट सोडायचं विसरून गेला.

खडकावर नवा खांब पुरला, तिथून तांड्यापर्यंत तार ओढली. शितलच्या सुट्टीच्या वेळेला फोन लावायचं ठरलं. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पारुबाईनं फोन बालाजीच्या हातात दिला. कंपनीचा मालक अशा रीतीनं खुंटीच्या कामाला लागला.

चित्र आलं. शितलनं आधी तोंड झाकून घेतलं, मग तिचे हात जे सुटले ते थांबेनात. पारुबाईचेही सुटले. बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. ज्या बोलण्याला आवाज नव्हता, त्यात व्यत्यय नको म्हणून अख्खा तांडा गप्प उभा होता; एका लेकरानं शिंक दाबली.

थोड्या वेळानं नाईकांनी हळूच विचारलं, "काय म्हणती? जायाचं का आणायला?"

पारुबाईचे हात रिकामे नव्हते. तिनं वळूनही न बघता मान हलवली, नाही म्हणून, आणि बालाजीचा हात खाली झुकायला लागला होता तो कोपरानं वर ढकलला.