माया लोकांच्या देवळापुढे माझा साळा

जगात जे काही बांधलं, पेरलं, शिजवलं किंवा पुजलं गेलं आहे, ते सगळं आपल्या गावात, मारेगावात, आधीच झालेलं आहे आणि जास्त चांगलं झालेलं आहे, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला हिमालय दाखवा, तो म्हणेल उंच आहे, पण कापूस होत नाही. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याने पाणी चाखलं, थुंकलं आणि "ओलिताले कामाचं नाई" म्हणून पाठ फिरवली. लग्नाच्या पंगतीत वरण ओठाला लावायच्या आधी विचारतो, तूर कुठली. माझ्या घरी तर दारातूनच सांगायचा की चहा पातळ आहे. चहा तेव्हा गॅसवर चढलेलाही नसायचा.

एक मात्र होतं. हा माणूस वणीच्या बाजाराला जावो की कोणाच्या वरातीत लांब जावो, बहिणीसाठी झंपराचं कापड घेतल्याशिवाय परतत नसे. वर्षभर कापडं साठवायची आणि भाऊबीजेला सगळी एकदम तिच्यापुढे टाकायची, अशी त्याची रीत. रंग एकाहून एक भडक. ती म्हणायची, "लेका, हे घालून मी वावरात उभी राह्यली तर रानडुकरं येनार नाईत." तरी शिवून घालायची.

मागच्या वर्षी पावसाळ्यात ती वारली. तेरवीला साळा पंगतीत बसला, पण तूर कुठली ते त्याने विचारलं नाही. त्यानंतर तो आमच्या घरी आलाच नाही. त्या वर्षीची भाऊबीज तशीच गेली. "बहीनच नाई तर त्या घरी आता कायले जाऊ," असं तो कोणाजवळ तरी बोलला, ते माझ्या कानावर आलं. मला लागलं. पण साळ्याचं नातं बायकोच्या पदराला बांधलेलं असतं, हेही खरंच आहे. फक्त भांडायला माणूस उरला नाही, आणि मला न भांडता दिवस काढायची सवय नाही.

मुलगा अमेरिकेत असतो. त्याने उन्हाळ्यात मला आणि त्याच्या मामाला, दोघांनाही बोलावून घेतलं आणि तिथून शेजारच्या मेक्सिको देशात नेलं. तिकडे जंगलात माया नावाच्या जुन्या लोकांची दगडी शहरं आहेत. हे लोक मका खात, आकाशातल्या ताऱ्यांचा हिशेब ठेवत आणि पायऱ्यापायऱ्यांची टेकडीएवढी देवळं बांधत. नागपूरच्या विमानतळावर साळ्याचा अडकित्ता काढून घेतला होता, त्यामुळे तो माया लोकांवर आधीपासूनच नाराज होता. माझ्याशी तर सरळ बोलतच नव्हता. "बाबाले म्हना, टोपी घाला, ऊन हाय," असं मुलाला सांगायचा, मी शेजारी बसलेलो असताना.

मोठ्या देवळापुढे तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "पायऱ्या लय उभ्या केल्या. म्हातारा मानूस देवापाशी जाईन कसा?"

"मामा, आता कोनालेच चढू देत नाईत. दोरी बांधली हाय."

"मंग बरोबर हाय," साळा म्हणाला, जणू त्याच्याच तक्रारीवरून बंदोबस्त झाला होता.

माहिती सांगणाऱ्या माणसाने देवळाकडे तोंड करून टाळी वाजवली. पायऱ्यांवरून आवाज परत आला तो पाखराच्या ओरडण्यासारखा. सगळे टाळ्या वाजवू लागले. साळ्याने ज्वारीवरचा थवा हाकलतात तसे दोन्ही हात उंच करून टाळी वाजवली, वरून "हाऽऽ हुर्रर्र" केलं. देऊळ पुन्हा ओरडलं.

"उलटा कारभार हाय, भाऊजी," तो म्हणाला. "आपल्याकडं टाळी वाजवली का पाखरू उडते. इथं टाळी वाजवली का येते."

सबंध प्रवासात तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं.

पुढे एक भली मोठी, गोल, खोल विहीर होती. पाऊस पडावा म्हणून माया लोक तिच्यात दागदागिने टाकत, असं मुलाने सांगितलं.

"एवढं पानी असून पानी मागत होते? मोटर बसवाची ना," साळा म्हणाला.

"तवा वीज होती का?" मी म्हटलं.

"आपल्या गावात तरी कुठं असते?"

मला बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर झाडाखाली बायका भरतकामाचं कापड विकत बसल्या होत्या. मायांच्याच लेकी त्या, ठेंगण्या, सावळ्या. साळ्याचे पाय आपोआप थांबले. त्याने लालभडक, हिरव्या पाखरांचं एक कापड उचललं, उलटं करून टाके पाहिले, सूत ओढलं, बोट ओलं करून रंग चोळला. बाईला मराठी येत नव्हती, त्याला तिची भाषा येत नव्हती, तरी घासाघीस जोरात चालली. "रंग उतरला तर वापस आनून देईन बरं, बाई," अशी धमकीही त्याने दिली. मग मान न वळवता मला विचारलं, "भाऊजी, एवढ्यात तिचं झंपर होईन का?"

मीही म्हटलं, "बाह्या लांब ठेवते ती. थोडं जास्त घे."

बाईने घडी करून कापड पुढे केलं. मुलगा झाडाकडे पाहू लागला.

"सवय हाय," साळा म्हणाला आणि त्याने हात मागे घेतला. "राहू दे, बाई."

बाईला वाटलं, गिऱ्हाईक अजून भाव पाडतंय. तिने भाव उतरवला. त्याने मान हलवली. तिने आणखी उतरवला.

"घे," मी म्हटलं.

"कोनाले देऊ?"

"भाऊबीजेले घरी घेऊन ये. दरसाली येतोस तसा."

"घरी कोन हाय आता?"

"मी हाय ना."

तो कापडाकडे पाहत राहिला. "चहा कोन करते?"

"मीच करतो."

"मंग पातळच असन," म्हणाला, आणि खिशात हात घातला.

यंदाच्या भाऊबीजेला तो आला. ओवाळायला कोणी नव्हतं. कापड त्याने तिच्या कपड्यांच्या पेटीवर ठेवलं, पेटी उघडली नाही. त्याआधी, चपला काढता काढता, दारातूनच त्याने सांगितलं होतं की चहा पातळ आहे. मी आत गेलो, गॅस पेटवला, आधण ठेवलं आणि त्यात एक पेलाभर पाणी जास्तीचं टाकलं.