माहेरचे काळे लाडू

आमची मुलगी जन्मली तेव्हा दोन्ही घरांत आई नव्हती. माझी मी कॉलेजात असतानाच गेली होती, आणि बायकोची आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हा रिवाज, पण माहेरी उरले होते एकटे माझे सासरे, देवळ्याजवळच्या मळ्यात. म्हणून बाळंतपण नाशकात, आमच्या इंदिरानगरच्या बैठ्या घरात करायचं ठरलं. ठरवलं मीच. आणि ठरवल्यापासून मला वाटत राहिलं की आपण त्या माणसाचा हक्क काढून घेतला.

मला हे सगळ्याच बाबतीत वाटतं. बायको म्हणते, "शेजारी दूध उतू गेलं तरी हे आधी माफी मागतील." तिचं काही चुकीचं नाही.

नव्वदीतला तो एक भाद्रपद होता. पाऊस जोराचा नव्हता, पण थांबतही नव्हता. बायको आणि बाळ हॉस्पिटलातून घरी आले त्याच दुपारी सासरे रिक्षातून उतरले. हातात कोंबड्या झाकतात तसलं बांबूचं डालगं, नवं कोरं, आणि पायाशी दोन गच्च भरलेल्या गोण्या. शेजारच्या काकू फाटकाशीच उभ्या होत्या.

"अगं बाई, माहेरचे लाडू आले वाटतं! दोन-दोन गोण्या?"

बाळंतिणीला माहेराहून डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू यायचे असतात. सासऱ्यांनी एका गोणीचं तोंड सोडलं. आत खरंच लाडू होते. मुठीत मावतील एवढे, नेटके वळलेले, वर बोटांचे ठसे उमटलेले. फक्त काळे कुळकुळीत. कोळशाच्या भुकटीचे.

"खायाचे लाडू नाय येत मला," सासरे म्हणाले. "हे येत्यात."

काकूंना हसू आवरेना. मला मात्र कुठे पाहावं कळेना.

बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून तिला आणि बाळाला शेक द्यायचा, वरून ओवा टाकून धुरी द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या शेगडीला साधा कोळसा चालत नाही. कच्चा निघाला तर धूर करतो, तडतडला तर ठिणग्या उडवतो, आणि चांगला असला तरी पटकन भडकून पटकन विझतो. मंद आणि एकसारखा विस्तव हवा. म्हणून सासूबाई दर उन्हाळ्यात वखारीतून कोळशाची भुकटी आणायच्या. तिच्यात थोडी चिकणमाती, मूठभर शेण आणि भाताची पेज घालून लाडू वळायच्या. गावातल्या कितीतरी लेकी त्यांच्या लाडवांवर शेकून निघाल्या. स्वतःच्या लेकीच्या वेळी त्या नव्हत्या.

लेकीला दिवस गेल्याचं कळल्यापासून सासरे भुकटी जमवत होते. वैशाखात त्यांनी एकट्यानं बसून ते लाडू वळले. घरात रोज बाजरी, पण पेजेसाठी मुद्दाम भात शिजवला आणि तो निथळलेला भात कितीतरी दिवस स्वतःच खाल्ला. बायकोनं हे विचारून विचारून काढून घेतलं, तेव्हा आम्हाला कळलं.

अडचण अशी होती की हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, "खोलीत शेगडी अजिबात नको. कोळशाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि बाळाचा जीव केवढासा असतो." मी मान हलवली होती. आता तो माणूस आमच्या मोरीत लोखंडी शेगडी घासत होता आणि मला हे सांगायचं होतं. मी तीन वेळा मोरीपर्यंत गेलो. एकदा साबण दिला. एकदा काथ्या दिला. एकदा नुसताच परत आलो.

संध्याकाळी त्यांनी शेगडी पेटवून खोलीत आणली. मी काय केलं, तर दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि दाराला वीट लावली.

"वारं लागंल ना बाळंतिणीला, जावईबापू."

"उकडतंय जरा," मी म्हणालो. भाद्रपदातल्या पावसात.

त्यांनी विस्तवावर ओवा टाकला. ओव्याचा वास आला, आणि त्याच्या मागून दुसराच एक वास उठला. आधी ओळखू येईना. मग आलाच ओळखू. कांदा. भाजलेला, थोडा सडका, झणझणीत कांदा. खोली भरून गेली. बाळ शिंकलं. पुन्हा शिंकलं. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून काकूंचा आवाज:

"अहो भाऊ, बाळाला धुरी देताय का पिठल्याला फोडणी? आमच्या ह्यांना भूक लागली की!"

बायकोला हसू फुटलं. टाके दुखत होते म्हणून पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

"नाना, कुठं ठेवले होते हे?"

"चाळीत."

म्हणजे कांदाचाळीत. उन्हाळी कांदा साठवायची ती लांब शेड, चहूबाजूंनी फटी ठेवलेली, वारा खेळावा म्हणून. मळ्यात तिच्याइतकी कोरडी जागा नाही, हा त्यांचा हिशोब बरोबरच होता. पण पावसाळ्यात चाळीतला काही कांदा सडतोच, आणि कोळशाची भुकटी भोवतालचा वास पिऊन घेते. वैशाखापासून ते लाडू कांद्याच्या पोटात राहिले होते.

सासरे हसले नाहीत. त्यांनी शेगडी उचलली आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवली. परत आले तेव्हा हात धुतलेले होते. लेकीजवळ बसून, माझ्यासमोर कधी नव्हे ते तिच्याशी गावच्या अहिराणीत बोलले.

"बरं शे ना, माय?"

"बरं शे, नाना."

"तुनी माय ऱ्हाती तं..." तुझी आई असती तर, एवढंच बोलून त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं.

सकाळी पाहतो तर त्यांची पिशवी बांधून दाराशी. "निघतो. चाळीतला माल बघाया पायजे." चाळ गडी बघत होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोनं मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "आज असे गेले ना, तर परत या घरात मोकळेपणानं यायचे नाहीत. काहीही करा, पण थांबवा त्यांना."

मी बाहेर गेलो आणि शेवटी तोंड उघडलं. "मामा, लाडवांचा दोष नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, खोलीत शेगडीच नको. चांगला कोळसा असता तरी नकोच होती. मी तुम्हाला बोललो नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मंग काल ते साबण, काथ्या..."

"तेच सांगायला येत होतो."

"आन् वीट?"

"वीटही त्यासाठीच."

"सांगायचं ना मग जावईबापू! मी काय खानार हाय तुम्हाला?" असं म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. पण पिशवीवरचा हात तसाच होता.

ते थांबले ते मी बोललो म्हणून नाही, लंगोटांमुळे. हॉस्पिटलातल्या पाच-सहा दिवसांचे लंगोट आणि दुपटी घरभर वाळत पडली होती. खुर्च्यांच्या पाठींवर, खिडकीच्या गजांना, दाराच्या मुठींना. काही वाळत नव्हतं. इस्त्री फिरवली तरी दमट वास जात नव्हता. सासऱ्यांनी चपला घालता घालता एक दुपटं चाचपलं, नाकाला लावलं.

"असलं ओलं घालता लेकराला?"

"दुसरं काय करणार?"

त्यांनी चपला काढल्या.

मागच्या अंगणात पत्र्याचा एक आडोसा होता, जुनी सायकल ठेवायचा. त्याखाली त्यांनी शेगडी मांडली. रिक्षातून उतरताना हातात होतं ते डालगं तिच्यावर पालथं घातलं. ते आणलं होतं धुरीसाठीच. मला ते कोंबड्यांचं वाटलं होतं, हे मी आजपर्यंत त्यांना सांगू शकलो नाही. डालग्यावर लंगोट पसरले की खालची ऊब बांबूच्या फटींतून वर येई आणि कापड तासाभरात कडकडीत होई.

पण कांद्याचं काय करायचं? तिथून आम्हा दोघांचा खरा उद्योग सुरू झाला. मी अंबडच्या कारखान्यातून सुटी घेतलेली होती, आणि घरातल्या बाईला उठायची बंदी. आम्ही एक लाडू फोडून पाहिला. आत अजून ओल होती, मातीही जास्त पडली होती. "हात सैल सुटला," सासरे म्हणाले. "तिची आई माती चिमटीनं घालायची. मी मुठीनं." ओल आणि वास दोन्ही काढायला त्यांनी एक युक्ती केली. आजच्या विस्तवाभोवती उद्याचे लाडू गोल मांडून ठेवायचे, म्हणजे ते आपोआप सुकतील. आणि पेटवल्यावर घाई करायची नाही. आधी काळा धूर, मग पांढरा, मग धूरच नाही आणि लाडवाच्या अंगावर राखेचा पातळ थर. तेव्हाच डालगं झाकायचं. मी दोनदा घाई केली. दोन दुपटी कांद्याची झाली. काकू भिंतीवरून म्हणाल्या, "या दुपट्याबरोबर भाकरी द्या पाठवून."

चांगला जमलेला लाडू जळून गेला तरी राखेत लाडवासारखाच बसून राही. फुंकर मारली की मगच ढासळे. सासऱ्यांना ती फुंकर मारायला फार आवडायचं.

वास अर्ध्याहून जास्त गेला. पूर्ण कधीच गेला नाही. ओव्याच्या मागे कांदा पुसट असायचाच. गरम दुपटं आधी ते स्वतःच्या गालाला लावून पाहायचे, मग घडी छातीशी धरून खोलीत न्यायचे आणि लेकीच्या हातात द्यायचे. बायको त्यातलं एक बाळाला गुंडाळी, दुसरं स्वतःच्या पोटावर ठेवी. खोलीत शेगडी नव्हती, तरी तिला शेक मिळत होता. सव्वा महिना ते राहिले. जाताना दोन्ही गोण्या रिकाम्या होत्या. त्यांनी त्या झटकून, घडी घालून नेल्या.

तरीही दर भेटीत कधीतरी ते म्हणायचेच, "तिच्या आईवाणी नाय जमलं." आम्ही नाही म्हणायचो, ते ऐकायचे नाहीत. त्यांच्या मनात पहिल्या संध्याकाळचा तो कांद्याचा धूर राहिला होता. आणि मला वाटायचं, मी आधी बोललो असतो तर तो धूर त्यांच्या वाट्याला आलाच नसता.

पुढे काही वर्षांनी, मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशकात केलं. थंडीचे दिवस होते. डोळ्यावर पट्टी बांधून ते त्याच खोलीत, त्याच खाटेवर बसले. या डॉक्टरांनीही बजावलं होतं, धुरापासून लांब. या वेळी मी ते पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं.

"शिकले जावईबापू," ते बायकोला म्हणाले.

बायको मागच्या अंगणात गेली. माळ्यावरून तिनं डालगं काढलं होतं. दिवाळीनंतर कोळशाची भुकटी आणून तिनं गुपचूप चार-पाच डझन लाडू वळून वाळवले होते. माती चिमटीनं घातलेली. ते सुरेख पेटले, धूर नाही, ठिणगी नाही. नानांची कोपरी, म्हणजे अंगात घालायची बंडी, डालग्यावर गरम करून तिनं आत आणली. त्यांनी ती चाचपली, गालाला लावली, नाकाशी नेली.

"भारी जमलंय. अगदी तुझ्या आईवाणी." पुन्हा हुंगून म्हणाले, "पण कांद्याचा वास नाय."

"नको ना तो?"

त्यांनी कोपरी न घालता घडी करून मांडीवर ठेवली.

बायको स्वयंपाकघरात गेली. मी तिला टोपलीतून मूठभर कांद्याची सालं उचलताना पाहिलं. ती अंगणात गेली आणि थोड्या वेळानं दुसरी कोपरी घेऊन आली. ही त्यांनी हुंगली आणि खांदे हलवत हसायला लागले. पट्टीला हात जाईल म्हणून नातीनं त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले.

"घाला आता," बायको म्हणाली. "तुमच्या लाडवांचाच वास आहे हा. बाळंतपणात मला याच वासानं झोप लागायची."

"खरं सांगती?"

"खरंच शे, नाना."

त्यांनी हात वर केले. आम्ही दोघांनी मिळून ती ऊबदार, कांद्याच्या वासाची कोपरी त्यांना घातली. त्या मुक्कामात 'तिच्या आईवाणी नाय जमलं' हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही.